क्रुसाजवळची लदीन आणि माझं कोपर

ये गो बाय, अशी जवळ बस. आणि ते फोटोचं कार्ड ओल्या हातांनी धरू नको, आत्ताच आंबा खाल्लास ना? तुझ्या आजीनं इतकी वर्षं जपलं, नि तू डाग पाडशील.

हा आमच्या वाड्यावरचा, म्हणजे आमच्या वस्तीतला क्रूस. मे महिन्यात संध्याकाळी इथं लदीन व्हायची, म्हणजे क्रुसासमोर उभं राहून गायची प्रार्थना. एकीनं सूर उठवायचा, बाकीच्यांनी मागून धरायचा. रोज एका घराची पाळी. हार, मेणबत्त्या त्या घरच्या, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे तेही त्याच घरच्या मुलीनं.

त्या वर्षी सूर मी उठवणार होते. चर्चात व्हायोलिन वाजवणाऱ्या मास्तरांनी तसं सांगितलं होतं. विहिरीवर, गुरांमागे, मी नुसती तेच घोकत होते. तेवढ्यात तुझ्या आजीचा मामा बोटीवरून आला, कॅमेरा घेऊन. तो फोटो काढणार कळल्यावर माझ्या आईनं नेमकी त्याच दिवसाची पाळी मागून घेतली. म्हणे, "फोटोत आमचेच हार दिसांदेत."

झालं. मास्तर म्हणाले, "आवाज तुझो बरो गो, पण पाळी तुमची. तू चणे बघ, तिका उठवूंदे."

तिका म्हणजे तुझ्या आजीक. बघ कशी मधोमध उभी आहे, मान वर, तोंड उघडं. डाव्या कडेला चण्यांच्या टोपावर वाकलेलं कोपर दिसतं ना, ते मी. आईचे हार मात्र छान आलेत.

आणि वर चणे घ्यायला आली तर म्हणते, "माका जरा जास्त घाल गो, गळो सुकलो माझो." मी तिला तळाचे करपलेले घातले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मग मामानं त्या फोटोची कार्डं करून घरोघर वाटली. ज्या घरात जावं तिथं भिंतीवर ही, तोंड उघडून. पुढच्या वर्षी सूर मीच उठवला, मास्तर म्हणाले हिच्याहून बरा. पण मामा तेव्हा बोटीवर होता. कोण बघणार?

क्रूस अजून आहे, चुना नवा लावलाय. येत्या मे महिन्यात आजीला घेऊन ये. पाळी मी तिच्या नावानं मागून ठेवते, चणे ती वाटेल. आणि तुझा तो फोटोचा मोबाईल विसरू नको.