सात नंबरच्या बोअरचं पाणी

नेलिदा ओकान्यानं छत्तीस वर्षं धान्याच्या काट्यावर काढली. भरला ट्रक तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा. ती निवृत्त झाली त्याच वर्षी नवरा मूत्राशयाच्या कर्करोगानं गेला. जन्मात सिगारेट न ओढलेला माणूस. त्यांच्याच गल्लीत आणखी तिघं त्याच दुखण्यानं गेले, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

प्रांताच्या संकेतस्थळावर पाणीतपासणीचे आकडे कुणालाही फुकट उतरवून घेता येत. मृत्यूंची यादीही तिथंच होती. नावं नाहीत, फक्त वय, कारण आणि वस्तीचा क्रमांक. ग्रंथालयातल्या संगणकावर तिनं दोन्ही याद्या शेजारी मांडल्या. एकीत वस्त्या होत्या, दुसरीत बोअर. त्यांचा मेळ घालण्यात अख्खा उन्हाळा गेला. त्यांच्या गल्लीला पाणी देणाऱ्या सात नंबरच्या बोअरमध्ये आर्सेनिक मर्यादेच्या सहापट निघालं. तिनं तीनदा पडताळलं.

ती आधी बहिणीकडे गेली. एल्वेसिया दोन घरं सोडून राहायची. तिनं माते नावाचा कडू चहा ओतता ओतता विचारलं, "कुणाला बोललीस?"

"पहिल्यांदा तुलाच."

"मग तोंड शिवून ठेव. महिनाभरात घर विकतेय मी."

नेलिदा गप्प बसली. निदान बहीण तरी इथून सुटेल, असं तिनं मनाला समजावलं. घर शहरातल्या एका जोडप्यानं घेतलं. त्यांची मुलगी चार महिन्यांची होती.

मग मात्र तिला राहवेना. ती कागद घेऊन त्या जोडप्याकडे गेली. नवरा, लाउतारो, दारातच उभा राहिला. आत बायको नळाच्या पाण्यात दुधाची पावडर कालवत होती.

"बाळाला हे पाणी देऊ नका. उकळूनही त्यातलं विष जात नाही."

"एल्वेसियाबाई म्हणाल्याच होत्या, तुम्ही येणार म्हणून. नवरा गेल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणाल्या."

"आकडे सरकारी आहेत. फोनवर बघा."

त्यानं बघितलं. त्याच आठवड्यात नवी यादी चढली होती आणि तीत सात नंबर नव्हताच. दुरुस्तीसाठी तपासणी बंद, एवढंच लिहिलं होतं. पाणी मात्र चालूच होतं.

"माझ्याकडे जुनी यादी आहे."

"असली यादी कुणीही टाइप करून आणेल, आजी." त्यानं दार लावलं.

हिवाळ्यात त्याची बायको, मिकाएला, एकटीच आली. हातात रिकामा कॅन होता. तिनं जुनी यादी कुणाकडून तरी मिळवली होती. नेलिदा हल्ली पत्र्यावरून हौदात पडणारं पावसाचं पाणी पीत असे. तिनं कॅन काठोकाठ भरून दिला.

"इथून जावं म्हटलं, तर सगळं त्या घरातच अडकलंय," मिकाएला म्हणाली. कॅन उचलताना ती थांबली. "एक विचारू? आम्ही घर घेतलं, त्याच्या आधी तुम्हाला हे ठाऊक होतं?"

नेलिदाला खोटं बोलता आलं असतं.

"होतं," ती म्हणाली.

मिकाएलानं कॅन नेलिदाच्याच उंबऱ्यावर उपडा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला, आणि रिकामा कॅन घेऊन ती घरी गेली.