पांढऱ्या बैलाचा तिवा

लग्न होऊन मी समुद्रपूरकडच्या एका खेड्यात आले, तेव्हा सासऱ्यांशी बोलायचं नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या काळी सुना बोलतच नसत. मामाजींच्या ताटाजवळ मी लोटा जरा जोरात ठेवायची, म्हणजे त्यांना कळायचं की भाकर तयार आहे. त्यांना आणखी वाढायला हवं असलं की ते खाकरायचे. माझ्यासारख्या तोंडाळ पोरीला हे किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक. नवरा दुसऱ्या गावी मास्तर, शनिवारी यायचा. आठवडाभराचं साचलेलं मी त्याच्यापाशी बोलून घ्यायची आणि तो बिचारा ऐकता ऐकता झोपून जायचा.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. कपाशीची डवरणी, म्हणजे बैलांच्या डवऱ्यानं ओळींमधलं तण काढायचं काम, ऐन भरात होती. आमची जमीन थोडी आणि बैल दोनच. मंगळवारी सकाळी त्यातला पांढरा बैल गोठ्यातून निघेना. कान तापलेले, तोंडातून लाळ गळतेय आणि उजवा पुढचा पाय टेकवत नाही. एका बैलानं डवरा चालत नाही, आणि दुसरा बैल घेण्याची ऐपत नव्हती. मामाजी त्याच्यापाशी बसले ते चहालाही उठले नाहीत.

शेजारचे बुवा आले. गावातल्या जनावरांचं औषधपाणी तेच करत. त्यांनी लचक ठरवली आणि खांद्यावर डाग द्यायचं सांगितलं. माझ्या भाकरी बाजूला सारून माझ्याच चुलीत सळई घातली. ती लाल होईपर्यंत बैल मागच्या डाव्या पायानं लंगडू लागला. बुवा सळई घेऊन त्याच्याभोवती एक फेरा फिरले.

"आता कोनत्या पायाले देता?" मामाजींनी विचारलं.

"थांबा ना, त्याचं त्याले ठरवू द्या आधी."

दाराआड मी पदर तोंडात कोंबून हसले. पण हसता हसताच थांबले, कारण अशी पाय बदलणारी लंगड मी आधी पाहिली होती.

माहेरी, पुलगावला, आमच्या गाईला असंच झालं होतं. तोच ताप, तीच लाळ. आम्ही तिच्यासाठी हळद-गुळाचा काढा केला. आईनं तिची मान वर धरली आणि बांबूची नळी तोंडात घालून मी काढा ओतला. दुसऱ्या दिवशी ती खोकायला लागली, चौथ्या दिवशी गेली. जनावरांचे डॉक्टर आले ते त्यानंतर. ते म्हणाले, हा तिवा. ताप तीन दिवसांत उतरतो आणि जनावर बहुतेक वेळा आपणहून उठतं. पण त्या दिवसांत त्याला नीट गिळता येत नाही, ओतलेलं फुप्फुसात जातं. म्हणजे आमची गाय तापानं गेलीच नव्हती. सासरी हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बैल खाली बसला. बुवांनी सळईचा नाद सोडून काढा करायला लावला, आणि मामाजींनी बैलाची मान वर धरली. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "आत्याबाई, पाजू नका म्हना त्यायले."

"गप्प राह्य. मोठे मानसं करून राह्यले ना."

नवरा यायचा तो शनिवार चार दिवस लांब होता. मी सरळ गोठ्यात गेले आणि नळीवर हात ठेवला. "मामाजी, नका पाजू. आमची गाय माह्या हातानं अशीच मेली."

मग मी सगळं सांगून टाकलं.

"आता सून आमाले शिकवून राह्यली काय?" बुवा भडकले.

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "अन् नाई उठला तं?"

"तं मले माहेरी धाडून द्या."

माझी ही जीभ! पण मामाजींनी बैलाचं डोकं हळूच कुटाराच्या भुशावर टेकवलं. "तीन दिवस पाहू," म्हणाले.

बुधवार, गुरुवार आम्ही दोघं त्या बैलाची कूस बदलत होतो. बारदानाच्या दोन कडा दोघांनी धरायच्या आणि एक शब्द न बोलता ओढायच्या. मच्छर त्याला फोडून खात होते म्हणून मी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. हा ताप मच्छरांसारख्या चावणाऱ्या किड्यांनीच पसरतो, हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत! त्याआधी हिवतापासाठी सरकारी फवारणीवाले आले तेव्हा मामाजींनी घराच्या भिंती फवारू दिल्या आणि जनावरांना बाधेल म्हणून गोठ्यातून त्यांना हाकलून दिलं होतं. गुरुवारी बैलानं कडब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी माझं लुगडं-चोळीचं गाठोडं मनातल्या मनात बांधून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मी झाडायला गेले तर बैलानं मागचा भाग उचललेला. धडपडला, पडला. पुन्हा उचलला, आणि उभा राहिला. अंग झाडलं आणि धो धो मुतला. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

"मामाजी!" मी अशी ओरडले की सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

मामाजी धावत आले. त्यांनी पाण्याचं घमेलं बैलापुढं ठेवलं. तो आपल्या तोंडानं प्यायला, आणि घोट नीट खाली जातोय ना ते आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. बुवा आले आणि बैल आपल्या सळईला भिऊन उठला असं चारचौघांत सांगून गेले. सांगोत बिचारे! मला त्या दिवशी कुणाचाच राग येत नव्हता.

बुवा गेल्यावर मामाजी बैलाची पाठ चोळत राहिले. चोळता चोळता पाठमोरेच म्हणाले, "तुमच्या गाईचं तू मनाले लावून घेऊ नको, पोरी. तुले कोनी सांगतलंच नव्हतं."

मी तिथंच शेणात बसून रडले. हे मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही.