आजींचं स्टूल

नंदुरबारच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर असताना धानोऱ्याच्या एका आजींना मी तीन दिवस एकच गोष्ट सांगत होतो. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे बाबांचा, कॅन्सर यकृतात पसरलाय, आता उपचार उरले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, फाइल छातीशी धरून सांगायचो. आजी ऐकलंच नसल्यासारख्या पदराने स्टूल पुसायच्या, माझ्याकडे सरकवायच्या आणि पाण्याचा पेला पुढे करायच्या.

“नको आजी, घाई आहे,” म्हणून मी तेच आणखी मोठ्याने बोलायचो. शेवटी फाइलमध्ये लिहिलं, नातेवाइकांना कमी ऐकू येतं.

आमच्या मॅडमनी ते वाचलं. “पाणी प्यालास त्यांच्या हातचं? अरे, बातमी आणणाऱ्याला इथे आधी बसवतात. उभ्या माणसाचं काय ऐकायचं?”

चौथ्या दिवशी मी बसलो, पाणी प्यालो. तोंड उघडणार तेवढ्यात आजीच बोलल्या, “त्या आते घर येवाव नहीत, हाई माले म्हाईत शे, बेटा. पन रोज तुन्हाच पाय कापेत, म्हनीसन बठ म्हनू.” बाबा आता घरी येणार नाहीत हे त्यांना ठाऊकच होतं; रोज माझेच पाय कापायचे म्हणून त्या मला बसवत होत्या. मग बाबांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, “त्यासले तरास होवाव नही, इतलं कर.”

तेवढं मात्र आम्ही केलं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

आता मी शिकवतो. मरणाऱ्याच्या घरच्यांशी काय बोलायचं, असं पोरं विचारतात. मी सांगतो, वॉर्डात जाताना पाणी पिऊन जाऊ नका.