कल्याणप्पांच्या भुईमुगातला चर

कल्याणप्पांचं गाव नळदुर्गच्या पलीकडं, अर्धं मराठीत आणि अर्धं कानडीत भांडणारं. ते कापडाचे व्यापारी. माल आणायला सोलापूरला गेले असता तिथले लोक मतांच्या चिठ्ठ्या टाकून आपले कारभारी निवडतात, हे त्यांनी एकदा पाहिलं. तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकाला कापड कमी आणि लोकांचं राज्यच जास्त मिळू लागलं. निजामाच्या मुलखात असलं बोलणं धोक्याचं, म्हणून ते आवाज खाली करून बोलत. पण त्यांचा खालचा आवाजही वेशीपर्यंत जाई.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदी फौजा आल्या आणि पाटील शिपायांसकट पळाला. नवा अंमल अजून गावात पोचायचा होता. त्यातच पाऊस लागून राहिला, तळ्याचं जादा पाणी जायचा सांडवा ढासळून तुंबला आणि बांध पाझरू लागला. लोक कल्याणप्पांकडं आले. त्यांनी फेटा नीट बांधला आणि हाळी देवविली, घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर व्हावा. कुणीही आलं नाही. पाटलाची वेठ गेली तर कापडवाल्याची आली, असं गावातला एक शेतकरी हरिबा चारचौघांत म्हणाला.

कल्याणप्पा घरी येऊन धुमसत बसले. भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोनं, मल्लम्मानं विचारलं, "हुकूम सोडायला पाटील काय वाईट व्हता? तुमी कुनाला इचारलं का?"

मग महादेवाच्या देवळापुढं सभा भरली. वेशीबाहेरच्या वस्तीलाही बोलावलं, कारण बांध फुटला तर पहिलं पाणी त्यांच्याच घरांत शिरणार होतं. बायांनाही बोलावणं होतं. बाया कशाला, असं दोघातिघांनी कुरकुरत विचारलं, तेव्हा कल्याणप्पांना भाषणाची संधीच मिळाली. बसवण्णांच्या सभेत बाया बसत, बोलत, याला आठशे वर्षं झाली, असं त्यांनी सुनावलं. बाया पुढं येऊन बसल्या.

हरिबानं सुचवलं, चर खणून पाणी ओढ्याला सोडावं. सगळ्यात जवळची वाट कल्याणप्पांच्या भुईमुगातून जात होती. कल्याणप्पांना एकाएकी लांबच्या वाटेचे पुष्कळ गुण दिसू लागले. ते बराच वेळ बोलले. लोकांनी सगळं ऐकून घेतलं आणि जवळच्या वाटेसाठी हात वर केले. बायांत पहिला हात मल्लम्माचा होता. मोजणी चुकली म्हणावं, तर मोजणारे ते स्वतःच.

"तूबी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमीच बोलावलं की मला."

रान त्यांचं होतं. नाही म्हणाले असते तर जबरदस्ती करायला पाटीलही उरला नव्हता. सगळे त्यांच्याकडं बघत होते. कल्याणप्पांनी फेटा काढून बायकोच्या हाती दिला, फावडं घेतलं आणि आपल्या शेताच्या बांधावर पहिला घाव घातला. शेंगा अजून भरायच्या होत्या. उपटलेले वेल बघून त्यांचा जीव तुटला. हरिबा शेजारी येऊन खणू लागला, मागून बाकीचे उतरले. दिवस मावळायच्या आत पाणी ओढ्याला लागलं.

अर्धा भुईमूग गेला, तळं राहिलं. पुढं थंडीच्या तोंडावर नवा अंमलदार आला आणि त्यानं विचारलं, हा चर कुणाच्या हुकमानं काढला?

कल्याणप्पांनी जरा विचार केला. "माझ्या इरुद्ध व्हता, साहेब," ते म्हणाले. "पर हुकूम माझाबी व्हता."

अंमलदाराला काही उमगलं नाही. कल्याणप्पांनी त्याला दुकानात नेऊन बसवलं आणि आवाज खाली न करता समजवायला सुरुवात केली.