राखेतलं बीड

बिडाचा तवा घरोघरी असतो, पण बीड म्हणजे काय असं विचारलं की लोक बिनधास्त म्हणतात, ‘लोखंडच की!’ मला राग येतो. अहो, लोखंड ठोकलं की वाकतं, त्याचा विळा होतो, बैलाची नाल होते. बीड वितळवून साच्यात ओततात आणि ते ओतलं तसंच राहतं. वाकवायला जाल तर मोडेल. मोडलेली बाजू करडी दिसते, गुळाच्या ढेपेसारखी दाणेदार. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्याच हातून ते मोडलं म्हणून कळलं.

मुकुंदवाडी स्टेशनाजवळ आमची पिठाची गिरणी होती. निजामाचं राज्य जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. तेलावरचं इंजिन, आणि बाहेर त्याच्या नळीच्या तोंडाशी दिवसभर पुक्, पुक्, पुक्. दुपारचं ऊन दारातून आत यायचं, त्यात पीठ तरंगत राहायचं, ज्वारीचा गरम वास यायचा. फिरत्या पट्ट्याकडं बघता बघता माझे डोळे उघडे असूनही मी कुठंतरी लांब निघून जायची. मग एखादी बाई ओरडायची, “अगं ए, दळण सांडायलंय!” आणि मी दचकून परत यायची.

गिरणी बाबांची. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, तेव्हापासून मी चालवत होते. त्यांची खाट गिरणीच्या भिंतीपलीकडंच होती. बोलायला गेले की नुसतं ‘अं, अं’ व्हायचं आणि ते चिडून डोळे मिटून घ्यायचे. पण इंजिनाचा ठेका सुरू असला की डाव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू हलायची.

एका सकाळी गिरणीत काड्‌कन आवाज झाला. दगड ज्या दांड्यावर फिरतो, त्या दांड्याची बिडाची बैठक तडकली होती. मी इंजिन बंद केलं. पलीकडं गेले तर बाबा माझ्याकडंच बघत होते.

“तेल संपलंय बाबा,” मी म्हणाले. “उद्या येतंय.”

आजारी माणसाच्या जिवाला घोर कशाला, एवढंच माझ्या मनात होतं. पण त्या दुपारी त्यांनी तोंड उघडलं नाही. आईनं भाकरी दुधात कुस्करून चमचा ओठांना लावला, त्यांनी मान फिरवली. रात्री तेच, दुसऱ्या दिवशी तेच. आधीच काडी झालेला माणूस. असंच चाललं तर बाबा हातचे जाणार, हे मला दिसत होतं. गिरणी सुरू झाली की जेवतील, असं मी धरून बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच बैठक घेऊन टांग्यानं उस्मानपुऱ्यात गेले. तिथं वेल्डिंगचं काम करणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी ती बोटानं वाजवून पाहिली. “बीड है बेटी. याला घाई चालत नाय.” कोळशाच्या भट्टीत त्यांनी ती लाल होईस्तोवर तापवली, सांधली, आणि गरम राखेच्या ढिगात पुरून टाकली. “उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाय. राखेत हळू हळू निवू दे,” असं बजावून ते नमाजला गेले.

मी राखेसमोर बसले. वरची हवा थरथरत होती, पलीकडची भिंत पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. त्या झिलमिलीत मला गिरणी सुरू झालेली दिसली, बाबा चमचाभर दूध पिताना दिसले. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग माझी मती फिरली. सांडशीनं मी बैठक बाहेर ओढली, हात पोळू नये म्हणून रांजणातल्या पाण्यात भिजवलेल्या पोत्यात गुंडाळली. उचलणार, तोच पोत्यातून आवाज आला. टण्‌!

चाचा परत आले तेव्हा मी दोन तुकडे पुढ्यात ठेवून रडत होते. वाटलं, आता शिव्या खाणार. त्यांनी पोतं चाचपलं, कपाळावर हात मारला. “या अल्ला! इतकी घाई कुणासाठी, बेटी?”

मी सगळं सांगितलं. ते तुकड्यांवरची राख झटकत ऐकत होते.

“मोडलंय म्हणून त्यांना सांगितलं?”

“नाय. तेल संपलंय म्हणाले.”

“गिरणीवाल्याला?” चाचा माझ्याकडं बघतच राहिले. “त्यानं आवाज ऐकला नसंल व्हय? जा घरी. मी पुन्हा सांधतो. उद्या दुपारी ये, आधी आलीस तर देणार नाय.”

घरापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. बाबांच्या खाटेशी बसले. त्यांनी डोळे मिटलेले.

“बाबा, तेल संपलं नव्हतं,” मी म्हणाले. “दांड्याची बैठक तडकली. चाचांनी सांधली होती, राखेत ठेवली होती. मी गरम असतानाच काढली. ओल्या पोत्यात गुंडाळली. पुन्हा मोडली. माझ्या हातानं मोडली.”

बाबांनी डोळे उघडले. ओठ हलले, जीभ अडली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी घाबरून आईला हाक मारणार होते.

“ओल्या... पोत्यात?” ते म्हणाले. कितीतरी महिन्यांत त्यांचे पहिले स्वच्छ शब्द. मग सगळा जोर लावून आणखी एक, “गाढवे!”

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. आई धावत आली. मी तिच्या हातातली वाटी घेतली, चमचा भरला, आणि बाबांनी माझ्याकडं रागानं बघत तोंड उघडलं.