सापडल्यावर घेतलेली दुसरी सायकल

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, ते हळूहळू पुसट झाले. एका सायकलचोरीचा तपास मात्र तसाच राहिला आहे.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही निवृत्तीनंतर. सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मला लिहायची सवय केस डायरीची. ही गोष्ट नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण जशी घडली तशी लिहितो. नावं लिहीत नाही.

विरारच्या ठाण्यात मी त्या सकाळी ठाणे अंमलदार होतो. पन्नाशीचा एक माणूस पत्नीला घेऊन आला. मूळचा साताऱ्याकडचा, मुंबईत एका कंपनीत हिशेबाचं काम, विरार पश्चिमेला स्वतःचा फ्लॅट. पत्नी जवळच्याच वटार गावची, केळी-फुलांच्या वाडीवाल्यांच्या घरातली. सोसायटीच्या पार्किंगमधून त्यांची सायकल गेली होती.

"साधी सायकल नाही साहेब," तो म्हणाला. "डोंगरात चालवायची आहे. फुल सस्पेन्शन. पुढे शॉक, मागेही शॉक."

शेजारी बसलेला आमचा हवालदार म्हणाला, "मग चोराला धक्के बसले नसतील."

तक्रारदार हसला नाही. डॉक्टरने साखर वाढली सांगितल्यावर त्याने ती घेतली होती. दर रविवारी पूर्वेकडच्या डोंगरातल्या कच्च्या वाटांवर तो जायचा. "उतारावर दगडांतून खाली येताना होडीत बसल्यासारखं वाटतं," तो म्हणाला आणि मोबाइलमधला फोटो माझ्यापुढे धरून बसला. मी पाहून झाल्यावरही त्याने तो आत ठेवला नाही. पत्नीचं लक्षही फोटोवरच होतं.

गुन्हा नोंद केला, जागेवर जाऊन पंचनामा केला. सायकल खांबाला साखळीने बांधलेली असायची. साखळी कापलेली मिळाली नाही. कुलूप, साखळी, सगळंच गेलं होतं. चोर साखळी कापतो आणि तिथेच टाकतो, ती वाहून नेत नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे तोच ती उघडून सोबत घेतो. म्हणून पहिला संशय वॉचमनवर गेला, कारण काही रहिवासी किल्ल्या त्याच्याकडे ठेवत. त्याची चौकशी सुरू असताना तक्रारदाराची पत्नी खाली आली आणि म्हणाली, "त्याने नाही घेतली साहेब. त्याला सोडा." इतक्या ठामपणे सहसा कोणी वॉचमनच्या बाजूने बोलत नाही. वॉचमनचं सांगणं पडताळलं, खरं निघालं, त्याला सोडलं.

कॅमेऱ्यात तक्रारीच्या आदल्या दुपारी एक टेम्पो गेटमधून आत आला आणि थोड्या वेळाने गेला. मागे केळीची पानं रचलेली. तक्रारदार म्हणाला, "तो माझा मेहुणा. वाडीची भाजी देऊन जातो." आम्ही पुढचं चित्रण पाहू लागलो.

मग कामणच्या एका खबऱ्याने सांगितलं, की गोदामांच्या बाजूला चोरीच्या सायकली विकल्या जातात. तिथे छापा टाकला. मुलांच्या सायकली मिळाल्या, ही नव्हती.

असल्या सायकलीचे शॉक दुरुस्त करणारी दुकानं वसईत मोजकीच. कोणी ती घेऊन आलं होतं का, हे विचारायला मी एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता आणि स्वतः डोंगरात चालवणारा. पेडलवर पाय घसरू नये म्हणून त्याला खिळे असतात, हे त्याने दाखवलं. मग पॅन्ट वर करून नडगी पुढे केली. तिच्यावर जुन्या ठिपक्यांच्या ओळी होत्या. "पाय चुकला की पेडल फिरून नडगीवर बसतं. आमच्यातला प्रत्येक जण असा ओळखू येतो."

मी तिथेच बसलो असताना तक्रारदार आणि त्याची पत्नी आले. त्याला दुसरी सायकल निवडायची होती.

दुकानदाराने दोन काढल्या. एक हलकी, चढाला चांगली. दुसरी जड, पण उतारावर बसकी आणि भरवशाची. तक्रारदार एकीवर बसायचा, उतरायचा, दुसरीवर बसायचा. हँडल धरून नुसताच उभा राहायचा.

"हिचं वळण तसं नाही," तो म्हणाला.

"तसं म्हणजे कसं?" दुकानदाराने विचारलं.

"माझी होती ना, तसं."

पत्नी म्हणाली, "अहो, घ्या ना ही दुसरी. उतारावर चांगली सांगतायत ते. आजच घ्या."

"तपास चालू आहे गं. मिळाली तर?"

"मिळायची तेव्हा मिळेल. तुमचे रविवार कशाला वाया घालवता?"

एवढी महाग वस्तू घ्या, आजच घ्या, असं नवऱ्याच्या मागे लागणारी बायको मी तरी पाहिलेली नव्हती. बाई स्टुलावर बसल्या होत्या. सलवार थोडी वर सरकली होती आणि नडगीवर ओळीने ठिपके होते. ताजे.

 ते दोघे काही न घेता परत गेले.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी जावं लागतं. दुसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदारांना घेऊन मी गेलो. तक्रारदार कामावर गेला होता.

"ताई, नडगीला काय लागलं?"

"वाडीत काटा लागला."

"काट्याची रेघ उठते."

त्या उठून चहा ठेवायला गेल्या. आता या गप्प होणार असं मला वाटलं. महिला हवालदार स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि सहज म्हणाल्या, "ताई, मला अजून सायकल येत नाही. तुम्हाला कधीपासून येते?"

मी तासभर विचारून जे मिळालं नसतं, ते त्या एका प्रश्नाने मिळालं.

"लहानपणापासून," त्या म्हणाल्या. "बाबांची दांड्याची होती. दांड्याखालून पाय घालून चालवायचे. पहाटे फुलांची टोपली मागे बांधून नाक्यावर जायचे मी. लग्न झालं, इकडे आले, सुटली."

"मग यांना सांगायचं."

"एकदा म्हटलं होतं, मी बसून बघू का. हसले. वाईट नाही हसले. लहान मूल काही बोललं की आपण हसतो ना, तसे. मग परत नाही विचारलं."

भाऊ भाजी घेऊन आला त्या दुपारी त्यांनी घरातली किल्ली घेऊन साखळी उघडली आणि सायकल टेम्पोत चढवली. शनिवारच्या आत परत आणून ठेवणार होत्या. पण नवरा त्याच संध्याकाळी चेनला तेल घालायला खाली उतरला.

"तेव्हाच सांगायचं ना ताई."

"सकाळी ठाण्यातून आल्यावर सांगणार होते. त्याआधी म्हटलं, वाडीत जाऊन एकदा बसून घेऊ. बसले, मग नाही सांगता आलं." त्यांनी गॅस बंद केला. "वाटलं, यांना नवी मिळाली की ही माझ्याकडे राहील. म्हणून दुकानात मागे लागले होते. पण यांना तीच हवी आहे. मलाही."

त्यांना घेऊन वटारला गेलो. सायकल पंपाच्या खोलीत होती, धुतलेली, जुन्या साडीने झाकलेली. भाऊ म्हणाला, "ताई रोज येते, केळीतून चार चकरा मारते, जाते. आम्हाला वाटलं दाजींना ठाऊक आहे." पंच यायचे होते. बाईंनी साडी बाजूला केली आणि मला विचारलं, "ते येईपर्यंत एकदा बसू?"

"ताई, आता तो मुद्देमाल आहे. हात लावू नका."

त्यांनी हात मागे घेतला. नियमाने मी बरोबर होतो. पण तो मागे गेलेला हात मला अजून दिसतो.

ओळख पटवायला तक्रारदाराला बोलावलं. त्याने सायकल पाहिली, मग पत्नीकडे पाहिलं. "सीट कोणी खाली केली?"

"मी."

 तो सही करून निघून गेला. दुसरी सायकल बघणंही त्याने सोडून दिलं, असं दुकानदाराकडून कळलं.

गैरसमजातून तक्रार झाली, असा 'सी समरी' अहवाल आम्ही कोर्टात पाठवला. आदेश येईपर्यंत सायकल ठाण्याच्या आवारात, गंजलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत उभी होती. बाई बाजाराला आल्या की फाटकापाशी थांबायच्या. "साहेब, मुद्देमालाला भेटायला आल्यात," हवालदार म्हणायचा. एकदा त्यांनी विचारलं, "टायर बसलाय. हवा भरली तर चालेल?" कायद्यात हवेबद्दल काही लिहिलेलं मला आठवत नव्हतं. मी कागदांत डोकं घातलं.

आदेश आला तेव्हा दोघे एकत्र आले. त्याने ताबा घेतल्याची सही केली, सायकल रांगेतून बाहेर काढली आणि टायर दाबून पाहिला. हवा कोणी भरली, हे त्याने विचारलं नाही. खाली बसून मागचा शॉक दाबला.

"यात माझ्या वजनाची हवा आहे," तो तिला म्हणाला. "तुला दगडासारखा लागला असेल."

"लागला. मला वाटलं असाच असतो."

त्याने शॉकच्या वॉल्व्हची टोपी काढून थोडी हवा सोडली. पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा थोडी सोडली. "बस."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटलाय आता मुद्देमाल," मी म्हणालो.

त्या सायकलवर बसून आवारात फिरल्या, गंजलेल्या गाड्यांना वळसा घालून. तो मध्ये उभा राहून सांगत होता, "दोन्ही ब्रेक. एकदम नाही, हळूहळू." हवालदाराने त्या दिवशी काही विनोद केला नाही. पुढच्या शनिवारी तक्रारदाराने दुसरी सायकल घेतली, दुकानात पत्नी मागे लागली होती तीच. जुनी तिच्याकडे राहिली.

गुन्ह्याचा हेतू लिहिताना आम्ही गरज, हाव, सूड, व्यसन असे शब्द लिहितो. या प्रकरणात यातला एकही बसत नव्हता. एखादी गोष्ट माणसाला इतकी हवी असते की ती मागायची लाज वाटते. आपल्याच घरातलं कोणी हसलं तर ती कायमची जाईल, असं वाटतं. मग ती आत कुठेतरी ठेवून माणसं संसार करत राहतात. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घरातून काही गेलं की घरच्यांना मी एक प्रश्न जास्त विचारत असे: ही वस्तू तुमच्याकडे घरातल्या कोणी कधी मागितली होती का? बहुतेक लोक लगेच नाही म्हणायचे. मी पेन खाली ठेवून थोडा वेळ थांबायचो.