स्टोअरकीपरचा गुडघा

सौदीत, यान्बूच्या आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीला येणारी कंपन्यांची माणसं बहुतेक पाठ धरलेली. हा मात्र सुजलेला उजवा गुडघा घेऊन आला. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा स्टोअरकीपर. मी विचारलं, "स्टोअरमध्ये एवढं काय उचलता?"

तो हसला. "काय नाय मॅडम. मी फुटबॉल खेळतो."

माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, रत्नागिरीकडच्या बंदरावरचा. कंपन्यांच्या आपसातल्या सामन्यांसाठी त्याला गावच्या मैदानावरून उचलून आणलं होतं. स्टोअरची किल्ली कायम दुसऱ्याकडेच असे. त्या दिवसांत मान आखडलेला एक इंग्रज इंजिनियर माझ्याकडे यायचा. त्याला मी हे गंमत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, त्याचा खापरपणजोबा अस्साच. इंग्लंडातल्या अगदी पहिल्या पगारी खेळाडूंपैकी. कापडगिरणीने कागदावर विणकर म्हणून ठेवलेला, पण मागाला कधी हात लावला नाही. पाय मोडला तेव्हा कुठे गिरणीला आठवलं, याला विणता येत नाही. आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. अंतिम सामना दहा दिवसांवर आलेला आणि कंपनीला माझा रिपोर्ट हवा होता. तो टेबलावर झुकून हळूच म्हणाला, "फिट लिहा ना, मॅडम. एकच मॅच आहे."

मी भडकले. राग माझ्या नाकावरच असतो. "जन्माचा पांगळा होशील, कळतंय का तुला?" असं म्हणून सहा महिने खेळ बंद लिहिलं आणि त्याखाली जोरात रेघ ओढली. वाटलं, आता कंपनी त्याला खरोखरच स्टोअरमध्ये बसवेल. मी कुठल्या जगात वावरत होते कोण जाणे!

चौथ्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. फायनल एक्झिट लागला होता. म्हणजे कफीलने, व्हिसा देणाऱ्या मालकाने, नोकरी संपवली; आता देश सोडायचा.

"कफील म्हणाला, खलास."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. उलट त्यानेच माझी समजूत घातली. "तुम्ही तरी खोटं कसं लिहिणार, मॅडम?" मी त्याला व्यायामाचा तक्ता दिला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे होतं काय?

सात महिन्यांनी गावाहून त्याचा फोन आला. तक्त्यातलं सगळं त्याने रोज, न चुकता केलं होतं.

"गुडघा एकदम बरा झालाय, मॅडम," तो म्हणाला. "आता त्याचं करू काय?"